अ‍ॅक्वापोनिक्समध्ये मासे पुन्हा पुन्हा आजारी पडतात: औषधाआधी पाण्याचा तपास

अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतले पाणी रोपांमधून फिरवून मासे आणि भाजी एकत्र वाढवण्याची पद्धत. ती करणाऱ्यांची एक तक्रार जवळजवळ त्याच शब्दांत सगळीकडे ऐकू येते. टाकीतील तिलापिया खाद्याकडे फिरकत नाहीत, काही मासे जेथे पाणी पडते तेथे गोळा होऊन तोंडाची उघडझाप करत राहतात, एखाद्याच्या परांवर पांढुरके डाग दिसतात आणि रोज दोन-चार मासे मरू लागतात. दुकानातून आणलेले औषध टाकले की काही दिवस बरे जातात, आणि पंधरवडा-तीन आठवडे उलटले की तोच प्रकार नव्याने सुरू होतो. दुसऱ्या खेपेला डोस वाढवला जातो, तिसऱ्या खेपेला औषध बदलले जाते, आणि दोष शेवटी मत्स्यबीज देणाऱ्याच्या माथी येतो. माझ्या मते अशा वारंवार येणाऱ्या आजाराचे मूळ बहुतेक वेळा जंतूंत नसते. पाण्यातील अल्कलिनिटी, म्हणजे सामू (पीएच) सांभाळून धरण्याची ताकद, हळूहळू संपत जाते, त्यामुळे बायोफिल्टर, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू जेथे वाढतात तो भाग, मंदावतो, माशांचे कल्ले दुखावतात, आणि मग एरवी निरुपद्रवी असलेले जंतू त्या जखमांवर बसतात. टाकीत ओतलेले औषध उरलासुरला बायोफिल्टरही मारते आणि पुढच्या खेपेची तयारी करून ठेवते.

पुढील सर्व हिशेब एकूण १०,००० लिटर पाणी आणि रोज १ किलो खाद्य, त्यात ३२ टक्के प्रथिने, अशा मध्यम आकाराच्या व्यवस्थेसाठी केले आहेत. आपले पाणी आणि खाद्य त्या प्रमाणात कमी-जास्त करून घ्यावे.

मरतुकीचा नमुना काय सांगतो

पाण्याची एकही चाचणी करण्यापूर्वी मासे कसे मेले हे नीट आठवावे, कारण त्यातून निम्मा तपास होतो. पहाटे बहुतेक मासे एकाच वेळी पृष्ठभागावर आले, त्यांतील मोठे आधी मेले आणि ऊन चढल्यावर उरलेले सावरले, तर प्राणवायू कमी पडला असे समजावे. मोठ्या माशाला ती कमतरता आधी जाणवते. काही तासांत लहान-मोठे सगळेच मासे गेले आणि त्यांच्यासोबत गोगलगायी व पाण्यातील किडेही मेले, तर विषबाधेचा विचार करावा. द्राक्षबागांच्या पट्ट्यात शेजारच्या फवारणीचा तुषार उघड्या टाकीवर येणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके माशांना अत्यल्प मात्रेतही मारतात आणि बोर्डो मिश्रणातील तांबे तर मासे आणि जिवाणू दोघांनाही बाधते. उन्हाळ्यात टँकरचे पाणी घेणाऱ्यांनी त्यात टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) टाकली होती का हे प्रत्येक वेळी विचारावे. क्लोरीन असेल तर १ भाग क्लोरीनमागे सुमारे ७ भाग सोडियम थायोसल्फेट, म्हणजे बाजारात 'हायपो' नावाने मिळणारे खडे, टाकून मगच ते पाणी व्यवस्थेत सोडावे.

टाकी किंवा रोपांचा वाफा साफ केल्यानंतर त्याच दिवशी मासे मरत असतील, तर कोपऱ्यात साठून काळा पडलेला गाळ ढवळला गेला आहे. त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. कुजक्या अंड्याचा वास हीच त्याची खूण असते. येथे औषधाचा काहीच संबंध नाही. गाळ साचूच नये यासाठी गाळ काढणारी टाकी लहान आहे का ते पाहावे लागते.

रोज थोडे मासे मरतात, आकडा हळूहळू वाढतो, अंगावर खुणा दिसतात आणि मधूनमधून हा प्रकार थांबून पुन्हा सुरू होतो, असा जो चौथा नमुना आहे, त्याविषयी पुढील सर्व विवेचन आहे. हा नमुना पाहून रोगाचे नाव शोधण्याचा मोह होतो. त्याआधी एक ताजा मेलेला किंवा मरणासन्न मासा हातात घ्यावा आणि कल्ल्यावरचे झाकण कात्रीने कापून आत पाहावे. निरोगी कल्ला लालभडक असतो आणि त्याच्या कंगव्यासारख्या पाकळ्या सुट्या सुट्या दिसतात. पाकळ्या फुगून एकमेकींना चिकटल्या असतील आणि त्यांवर जाड बुळबुळीत थर असेल, तर अमोनियाचा त्रास किंवा परजीवी यांपैकी एक किंवा दोन्ही आहेत. रंग तपकिरी, चॉकलेटसारखा असेल तर नायट्राइट वाढले आहे. कल्ला फिकट गुलाबी असेल तर रक्तक्षय आहे. पाकळ्यांची टोके झिजून पिवळट-तपकिरी झाली असतील तर कॉलम्नॅरिस या जिवाणूजन्य रोगाची शंका घ्यावी. मासा मरून तासभर लोटला असेल तर या रंगांवर विश्वास ठेवू नये.

मऊ पाणी आणि न दिसणारी झीज

हा प्रश्न दख्खनच्या पठारापेक्षा कोकणात आणि गोव्यात अधिक वेळा उद्भवतो, आणि त्याचे कारण जमिनीत आहे. बेसॉल्टमधील बोअरचे पाणी सहसा जड असते, त्यात बायकार्बोनेट भरपूर असते आणि सामू ८ च्या आसपास टिकून राहतो. जांभ्या दगडातील विहिरीचे पाणी मात्र मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते, पावसाचे पाणी त्याहूनही मऊ असते, आणि अल्कलिनिटी दोन्हींत नावापुरतीच असते.

आता बायोफिल्टर काय करतो ते पाहू. मासे खाद्यातील प्रथिने पचवून कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. ३२ टक्के प्रथिने असलेल्या १ किलो खाद्यातून साधारण ३० ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो. नायट्रीकरण करणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि त्या क्रियेत आम्ल तयार होते. दर १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनामागे कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने ७.१ ग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते. म्हणजे १ किलो खाद्यामागे सुमारे २१० ग्रॅम. विहिरीच्या पाण्याची अल्कलिनिटी ३० पीपीएम (लिटरला ३० मिलिग्रॅम) असेल तर १०,००० लिटर पाण्यातील एकूण साठाच ३०० ग्रॅम भरतो. कागदावर तो दीड दिवसात संपायला हवा. प्रत्यक्षात इतक्या लवकर संपत नाही, कारण रोपे नायट्रेट शोषताना थोडी अल्कलिनिटी परत करतात आणि काही अमोनिया थेट मुळांवाटे उचलतात. तरीही झीज चालूच असते आणि बाहेरून भर घातली नाही तर ती कधीतरी तळ गाठतेच.

पावसाळ्यात ही झीज वेगाने होते. शेडनेटवरचे पावसाचे पाणी टाकीत उतरून आधीच मऊ असलेले पाणी आणखी पातळ करते, ढगाळ हवेत रोपांची वाढ मंदावल्याने ती नायट्रेट कमी उचलतात, आणि मासे मात्र २७-२८ अंशांच्या पाण्यात नेहमीसारखेच खातात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये दर काही आठवड्यांनी मासे मरत असतील आणि फेब्रुवारीत तीच व्यवस्था सुरळीत चालत असेल, तर रोगापेक्षा या हिशेबाकडे आधी पाहावे.

केवळ सामू मोजून ही झीज कळत नाही, हा या प्रश्नातील सर्वांत फसवा भाग आहे. अल्कलिनिटी ८० वरून ३० पर्यंत उतरली तरी सामू ७ च्या आसपास रेंगाळतो, आणि ती २० च्या खाली गेली की एक-दोन दिवसांत तो ६.२ किंवा त्याखाली कोसळतो. सामू ६ च्या जवळ आला की नायट्रीकरण जवळजवळ ठप्प होते. त्यामुळे आठवड्यातून किमान दोनदा अल्कलिनिटी मोजावी. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा केएचचा, म्हणजे अल्कलिनिटी मोजण्याचा, थेंबांचा किट यासाठी पुरेसा आहे: अनेक किटमध्ये ५ मिलिलिटर पाण्यात थेंब टाकत जातात आणि रंग निळ्यावरून पिवळा होईपर्यंतचे थेंब मोजतात, असा एक थेंब म्हणजे सुमारे १८ पीपीएम. तीन थेंबांत रंग पालटला तर पाणी धोक्याच्या उंबरठ्यावर आहे. चार ते सहा थेंब, म्हणजे साधारण ७० ते १०० पीपीएम, एवढी पातळी ठेवली तर मासे, जिवाणू आणि रोपे या तिघांचेही भागते. या एका किटवर खर्च केलेला पैसा औषधांच्या कपाटावर केलेल्या खर्चापेक्षा अधिक उपयोगी पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

चुना टाकल्यावर मासे एकदम का मरतात

सामू कोसळल्यावर अमोनिया साठू लागतो, पण मासे लगेच मरत नाहीत. आम्लधर्मी पाण्यात बहुतेक अमोनिया आयनरूपात राहतो आणि त्या रूपात तो माशांना फारसा बाधत नाही. घातक असतो तो मुक्त अमोनिया, आणि त्याचे प्रमाण सामू व तापमान यांवर ठरते. २८ अंश तापमानाला एकूण अमोनिया ४ पीपीएम असेल तर ६.२ सामूला त्यातील जेमतेम ०.००४ पीपीएम मुक्त असतो. अशा वेळी कोणीतरी 'सामू उतरला आहे' म्हणून घमेलेभर चुना टाकीत ओततो, काही तासांत सामू ८.२ वर जातो, आणि मुक्त अमोनिया ०.४ पीपीएम होतो, म्हणजे सुमारे ९० पट. तिलापियासारख्या चिवट माशाचे खाणेसुद्धा ०.०८ पीपीएमच्या आसपास कमी होते आणि ०.२ पीपीएमच्या वर तो फार काळ राहिला तर मरतूक सुरू होऊ शकते. रोहू-कटल्याची बोटुकली त्याहून नाजूक असते. रात्री चुना आणि सकाळी मेलेले मासे, हा क्रम आठवत असेल तर निदान झालेच म्हणावे.

म्हणून क्रम असा ठेवावा. सामू ६.५ च्या खाली दिसला की प्रथम खाद्य पूर्ण बंद करावे. दोन-तीन दिवसांच्या उपवासाने मोठ्या माशांचे काही बिघडत नाही. पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारे एअर स्टोन वाढवावेत, कारण बायोफिल्टरलाही प्राणवायू लागतो आणि तो ५ पीपीएमच्या खाली जाऊ देता कामा नये. त्यानंतर एकूण अमोनिया मोजावा. तो २ पीपीएमच्या वर असेल तर चौथा हिस्सा पाणी बदलावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून गरज असेल तर पुन्हा बदलावे. नवे पाणी त्याच तापमानाचे आणि शक्यतो मऊ असावे. ८ सामूचे बोअरचे पाणी एकदम भरले तर चुन्यानेच केलेले काम तेही करते. अमोनिया खाली आल्यावरच अल्कलिनिटी वाढवायला घ्यावी, आणि सामू दिवसाला ०.२ ते ०.३ पेक्षा जास्त चढू देऊ नये.

वाढवण्यासाठी पोटॅशियम बायकार्बोनेट सर्वांत सोपे आहे, कारण पोटॅश रोपांनाही लागते. १०,००० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम टाकले की अल्कलिनिटी सुमारे २० पीपीएमने वाढते. ते बादलीत विरघळवून, बायोफिल्टरकडे जाणाऱ्या प्रवाहात तास-दोन तासांत थोडे थोडे सोडावे. कॅल्शियमसाठी विझवलेला चुना चालतो, पण तो दुप्पट-तिप्पट तीव्र असल्याने तोलून, निवळी करून आणि आठवड्यातून एक-दोन वेळाच द्यावा. कॅरिबियनमधील व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी बसवलेल्या व्यवस्थेतही कॅल्शियम आणि पोटॅशियमचे हायड्रॉक्साइड आलटून पालटून वापरले जात असे, आणि ती पद्धत आजही प्रमाण मानली जाते. खाण्याचा सोडा अडीअडचणीला एकदा चालेल, रोज नको. त्यातील सोडियम पाण्यात साठत जातो आणि ५० पीपीएमच्या पुढे गेला की रोपे कुरकुरू लागतात.

कोकणात याला आणखी एक स्वस्त जोड आहे. तिसऱ्यांची किंवा कालवांची शिंपले स्वच्छ धुऊन, मांस-मिठाचा अंश जाईपर्यंत आठवडाभर गोड्या पाण्यात ठेवून, जाळीच्या पिशवीत घालून प्रवाहात ठेवावीत. पाणी आम्लधर्मी होऊ लागले की ती विरघळतात आणि सामू वर आला की त्यांचे विरघळणे आपोआप मंदावते, त्यामुळे जास्त होण्याची भीती नाही. मात्र त्यांच्यावर चिकट थर बसला की काम थांबते, म्हणून महिन्यातून एकदा पिशवी घासून धुवावी. १ किलो खाद्याचा सगळा भार केवळ शिंपल्यांवर टाकू नये. ती आधार म्हणून ठीक आहेत.

दुसरी लाट नायट्राइटची

सामू सावरल्यावर आठ-दहा दिवसांत पुन्हा मासे मरू लागले तर घाबरून औषधाकडे वळू नये. अमोनियाचे नायट्राइट करणारे जिवाणू आधी सावरतात आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे मागाहून, त्यामुळे मधल्या काळात नायट्राइट चढते. ते कल्ल्यांतून रक्तात जाऊन हिमोग्लोबिन निकामी करते. पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही मासा गुदमरतो आणि कल्ले तपकिरी दिसतात. यावर मीठ हा खरा आणि स्वस्त उपाय आहे. मिठातील क्लोराइड कल्ल्यांच्या वाटेवर नायट्राइटशी स्पर्धा करते आणि त्याला आत येऊ देत नाही. नायट्राइट-नायट्रोजनाच्या १ पीपीएममागे १० पीपीएम क्लोराइड हे सुरक्षित प्रमाण आहे. मिठात सुमारे ६० टक्के क्लोराइड असल्याने १०,००० लिटरला १ पीपीएममागे १६५ ग्रॅम मीठ पुरते. किटचा आकडा नायट्राइटचा आहे की नायट्राइट-नायट्रोजनाचा हे वेष्टनावर वाचावे. नायट्राइटचा असेल तर त्याला ३.३ ने भागावे. इतक्या मिठाने लेट्यूस किंवा तुळस बिघडत नाही. 'माशांना मीठ चांगले' असे ऐकून पोते ओतणाऱ्यांची रोपे मात्र करपतात, आणि ते खापर पुन्हा अ‍ॅक्वापोनिक्सवर फुटते. सोडियमची चिंता असेल तर कॅल्शियम क्लोराइड वापरावे.

या संपूर्ण काळात, म्हणजे साधारण तीन ते सहा आठवडे, खाद्य नेहमीच्या चौथ्या हिश्श्यापासून सुरू करून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही १ पीपीएमच्या आत राहतील एवढेच वाढवावे. सावरणारा बायोफिल्टर आणि भुकेलेले मासे यांत मालकाला माशांची दया येते आणि तो मूठभर जास्त टाकतो. बहुतेक वेळा गाडी पुन्हा रुळावरून घसरते ती येथेच.

औषध केव्हा आणि कोठे

पाणी दुरुस्त होऊन आठवडा झाला, अमोनिया-नायट्राइट जवळजवळ शून्य आहेत, तरीही मासे अंग घासतात, पर मिटून बसतात किंवा मरतात, तेव्हाच रोगाकडे वळावे. आणि तेव्हाही औषध मुख्य टाकीत टाकू नये. फॉर्मेलिन, पोटॅशियम परमँगनेट, मिथिलीन ब्लू, मोरचूद आणि प्रतिजैविके ही सर्व कमी-अधिक प्रमाणात नायट्रीकरणाच्या जिवाणूंना मारतात. मऊ पाण्यात मोरचूद तर माशांसाठीही अधिक विषारी होतो, आणि परमँगनेट गाळाच्या पाण्यात मासे सोडून गाळावरच खर्ची पडते. औषध दिल्यावर पहिले काही दिवस मासे बरे दिसतात, कारण परजीवी खरोखरच कमी झालेले असतात. मग बायोफिल्टर नसल्याने अमोनिया चढतो, कल्ले दुखावतात, आणि पंधरवड्यात नवा संसर्ग येतो. सुरुवातीला सांगितलेले पंधरवडा-तीन आठवड्यांचे चक्र हेच आहे. शिवाय त्याच पाण्यात लोक कच्ची खातात अशी पालेभाजी उभी असते. मॅलाकाइट ग्रीन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही तर खाण्याच्या माशांवर वापरण्यास मनाई असलेली रसायने आहेत. दुकानात बाटली मिळते म्हणून ती चालतात असे नव्हे.

यासाठी ३०० ते ५०० लिटरची एक वेगळी टाकी, तिचा स्वतःचा एअर पंप, स्वतःची जाळी आणि स्वतःची बादली हवी. आजारी मासे तेथे हलवावेत, आणि त्या टाकीचे पाणी कधीही मुख्य व्यवस्थेत सोडू नये. बाह्य परजीवींवर बहुतेक वेळा खडेमीठच पुरते: लिटरला १० ग्रॅम प्रमाणाच्या पाण्यात अर्धा तास, मासा कलंडला तर तत्काळ बाहेर, त्यानंतर लिटरला ३ ग्रॅमच्या पाण्यात काही दिवस.

कोणता परजीवी आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, आणि साध्या शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली मात्र पाच मिनिटांत ओळखता येते. जिवंत मासा ओल्या फडक्यात धरून छातीच्या परामागील अंगावर काचपट्टीच्या कडेने शेपटीच्या दिशेने हलकेच खरडावे, आलेला चिकट थर टाकीच्याच पाण्याच्या एका थेंबात पसरावा, वर पातळ काच ठेवावी आणि लगेच ४० ते १०० पट मोठे करून पाहावे. दातेरी कडे असलेली गोल तबकडी गरगर फिरताना दिसली तर ती ट्रायकोडिना. पाण्यात सेंद्रिय घाण जास्त आहे याची ती पावतीच असते आणि गाळ काढला की तिची संख्या उतरते. सावकाश लोळणारा मोठा करडा गोळा आणि त्यात घोड्याच्या नालेसारखे केंद्रक दिसले तर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. टोकाला आकडे असलेला, ताणून पुन्हा आखडणारा किडा म्हणजे कल्ल्यांवरील किंवा त्वचेवरील चपटकृमी. माशांची ऊ, म्हणजे आर्ग्युलस, मात्र नुसत्या डोळ्यांनाही चपट्या हिरवट ठिपक्यासारखी सरकताना दिसते. ती चिमट्याने काढता येते.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग वारंवार परततो याचे कारण त्याच्या जीवनक्रमात आहे. ठिपक्यातील परजीवी त्वचेखाली असतो, त्यामुळे औषध त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. तो गळून तळाशी शेकडो पिलांमध्ये विभागतो आणि केवळ ती पोहणारी पिले औषधाला बळी पडतात. २५ अंशांच्या पाण्यात हे चक्र तीन ते सहा दिवसांत पूर्ण होते, थंडीत ते कित्येक आठवडे लांबते. म्हणून एकदाच उपचार करून थांबणे व्यर्थ असते. अ‍ॅक्वापोनिक्सवाल्यांना येथे एक सोय आहे: सर्व मासे बाहेरच्या टाकीत हलवले तर मुख्य टाकीतील पिलांना यजमान न मिळाल्याने उन्हाळी तापमानात ती एक-दोन दिवसांत मरतात. तळाशी चिकटलेले गोळे फुटण्यासाठी आणखी काही दिवस धरून आठवडा-दहा दिवस टाकी माशांविना ठेवावी, आणि बायोफिल्टर उपाशी मरू नये म्हणून पाण्यात अमोनियम क्लोराइड थोडे थोडे देत राहावे.

निफाड किंवा पुण्याच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत असाच त्रास होत असेल तर कारण निराळे असते. पाणी १७ अंशांच्या खाली गेले की तिलापिया जवळजवळ खाणे सोडतो, १०-१२ अंशांना मरतो, आणि जिवाणूही मंदावतात. त्या काळात खाद्य तोडणे, टाकी झाकणे आणि मासे जाळीने हाताळणे टाळणे, याहून वेगळा उपचार नाही.

आजार खरोखर व्यवस्थेतच वसला असेल तर

काही आजार पाणी सुधारूनही जात नाहीत. ऑक्टोबरच्या किंवा एप्रिल-मेच्या उष्म्यात पाणी ३० अंशांच्या वर गेले असताना तिलापियाचे डोळे बाहेर येणे, बुबुळ पांढुरके होणे आणि मासा गिरक्या घेत पोहणे ही स्ट्रेप्टोकॉकसची लक्षणे आहेत. खाद्य निम्मे करणे, सावली वाढवणे आणि गर्दी कमी करणे याने मरतूक उतरते, पण खात्री प्रयोगशाळेतच होते, आणि प्रतिजैविक द्यायचे की नाही हे पशुवैद्यकाने ठरवावे. या जिवाणूंच्या काही जाती माणसालाही बाधतात, म्हणून काटा टोचू नये यासाठी हातमोजे घालावेत. महिनोन्‌महिने एखाद-दुसरा मासा खंगत, पाठीचा कणा वाकून मरत असेल तर मायकोबॅक्टेरिया या जिवाणूची शंका घ्यावी. तो पाइपमधील चिकट थरात राहतो, त्यावर व्यवहार्य उपचार नाही, आणि सर्व मासे काढून व्यवस्था निर्जंतुक करून नव्याने उभारणे हाच मार्ग उरतो. बीज सोडल्यापासून महिन्याच्या आत फक्त तिलापियाच मोठ्या संख्येने मरत असतील आणि सोबतचे इतर मासे ठणठणीत असतील, तर तिलापिया लेक विषाणूची तपासणी करून घ्यावी. भारतातील त्याची नोंद २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. हा विषाणू बहुधा नव्या बीजाबरोबर येतो. नवे बीज तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवल्याशिवाय मुख्य टाकीत मिसळू नये, हा नियम बहुतेकांना पाठ असतो आणि बीज हातात आले की त्याच दिवशी मोडला जातो.

तपासणीसाठी मुंबईत वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था, रत्नागिरीजवळ शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आणि नागपूर व उदगीर येथील मत्स्यविज्ञान महाविद्यालये जवळची आहेत. केंद्र सरकारचा जलचर रोग देखरेखीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ पासून चालू असून २०२३ मध्ये त्याअंतर्गत 'रिपोर्ट फिश डिसीज' हे मोबाइल अ‍ॅप सुरू झाले. त्यावरून शेतकऱ्याला थेट मरतूक कळवता येते. नमुना म्हणून मेलेला मासा पाठवू नये. तो उन्हाळ्यात दोन तासांत कुजतो आणि अहवालात केवळ कुजवणारे जिवाणू सापडतात. लक्षणे असलेले चार-पाच जिवंत मासे प्राणवायू भरलेल्या पिशवीत, आणि ते शक्य नसेल तर नुकतेच मारलेले मासे पिशवीत गुंडाळून बर्फावर, पण न गोठवता पाठवावेत. त्यासोबत एक लिटर टाकीचे पाणी वेगळ्या स्वच्छ बाटलीत द्यावे, आणि कागदावर बीज केव्हा व कोठून आणले, रोजचे खाद्य, गेल्या महिन्यात टाकलेली सर्व औषधे, आणि अल्कलिनिटी, सामू, अमोनिया व नायट्राइट यांचे तारीखवार आकडे लिहावेत. अहवाल येईपर्यंत त्या टाकीतील एकही मासा विकू नये वा शेजाऱ्याला देऊ नये, आणि मेलेले मासे कंपोस्टच्या वाफ्यात न टाकता पाण्यापासून दूर खड्ड्यात चुना घालून पुरावेत.